कासीमभाई पाणी विसरले नव्हते

गौरव समितीची मंडळी घरी आली तेव्हा म्हणाली, "मास्तर, कासीमभाईंचे सगळ्यांत जुने सोबती तुम्ही. दोन पानं द्या, आणि जरा गोड लिहा." दोन पानांत मी मावत नाही, हे माझ्या शाळेतून शिकून गेलेल्या कुणालाही विचारावं. आणि गोड लिहायला या ग्रंथात इतर पुष्कळ जण आहेत. मला जे लिहायचं आहे ते थोडं कडू आहे. त्यातला कडूपणा कासीमभाईंचा नाही, माझा आहे. तरी ते त्यांच्या साठीच्या ग्रंथातच छापलं गेलं पाहिजे असा माझा हट्ट होता, आणि समितीनं तो मानला नसता तर मी हे कागद घेऊन दुसरीकडे गेलो असतो.

आपल्या भागात कुणालाही 'कासीमभाई कल्हईवाले कुठे राहतात' असं विचारलं तर माणूस क्षणभर थांबतो. 'बिनपाण्याचा मिस्त्री' म्हटलं की लगेच कारखान्याचा रस्ता दाखवतो. हे नाव कसं पडलं ते आपल्याला ठाऊक आहे असं सगळ्यांना वाटतं. पंचवीस वर्षांपूर्वी एका दसऱ्याला तालुकदारसाहेबांना वाफेच्या गाडीत बसवून नेताना मिस्त्री टाकीत पाणी भरायलाच विसरले, गाडी चढावर बंद पडली, आणि जिल्ह्याच्या एवढ्या मोठ्या अंमलदाराला छकड्यात बसून परत यावं लागलं. बाजारात ही हकीकत अजून रंगवून सांगतात. मीही ती ऐकत आलो आहे, आणि खाली मान घालून ऐकत आलो आहे. कारण ती खोटी आहे, आणि खोटी आहे हे दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यांपैकी एक स्वभावानंच बोलले नाहीत. दुसरा मी.

आमची पहिली ओळख झाली ती भांड्यांमुळे. मी सोलापूरकडून इंग्रजी शिकून आलो होतो, आणि युसूफ वडगावच्या आबासाहेब देशमुखांनी मला मुलांना शिकवायला आणि इंग्रजी पत्रं वाचायला ठेवून घेतलं होतं. अंबाजोगाईत, म्हणजे सरकारी कागदावरच्या मोमिनाबादेत, त्यांचा एक बंगला होता. तिथल्या लष्करातला एक गोरा अधिकारी विलायतेला परत निघाला आणि त्याची वाफेवर चालणारी मोटार आबासाहेबांनी हौसेनं घेतली. ती बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून उभी केली. चालवता कुणालाच येईना. बरोबर एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, ते माझ्या हातात देऊन आबासाहेब म्हणाले, "मास्तर, वाचा आन् चालवा." मी तोवर बैलगाडीसुद्धा हाकली नव्हती.

त्या दिवशी बंगल्यात दसऱ्यादिवाळीच्या आधीची कल्हई चालली होती. अंगणात भाता लावून एक तरणाबांड माणूस परातीला कल्हई लावत होता. काम संपल्यावर हात पुसत तो शेडच्या दाराशी आला. आत यायची परवानगी त्यानं मागितली, आणि गाडीभोवती एक फेरी मारून बैठकीखालच्या गोल पिंपावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. मडकं विकत घेताना बायका करतात तसं. मग मला म्हणाला, "ह्याच्या पोटात लई नळ्या हायत. मोजल्या का तुमी?"

मी पुस्तकात पाहिलं. खरोखरच शेकडो तांब्याच्या नळ्या होत्या. मी थक्क होऊन विचारलं, हे वरून कसं कळलं. त्यावर म्हणाला, "आवाज भरीव येतोय. भ्यायचं कावून मास्तर? आपल्या न्हानीतला बंबच हाय ह्यो. त्याला चाकं लावल्यात येवढंच." हे कासीमभाई. त्या दिवसापासून त्या मोटारीचं नाव आमच्यात बंबगाडी पडलं, आणि पुढे गावानंही तेच उचललं.

आबासाहेबांनी दोघांना त्या शेडमध्ये नेमलं. आमची कामाची पद्धत अशी. मी पुस्तकातलं एक वाक्य वाचायचं आणि मराठीत सांगायचं. कासीमभाई ते आपल्या बोलीत फिरवून म्हणायचे. दोन्ही जुळलं की मगच हात लावायचा. जुळलं नाही तर ते पान्याला हात लावत नसत. झडपेबद्दलच्या एका वाक्यावर आम्ही तीन दिवस अडलो. मी चिडलो, माझा स्वभाव तेव्हापासूनच असा. म्हटलं, "अहो, करून तर बघा." ते शांतपणे म्हणाले, "करून बघायला ही परात न्हाई. फुटली तर आपण दोघंबी न्हाई." चौथ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की माझंच भाषांतर उलटं झालं होतं. त्यांनी मला त्यावरून एका शब्दानं टोचलं नाही.

पुस्तकात एक वाक्य ठळक छापलं होतं. पाण्याबरोबर तेल किंवा कसलीही चरबी बॉयलरमध्ये कदापि जाऊ देऊ नये. कासीमभाईंनी ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. तेल नळ्यांना आतून चिकटतं, पाण्याला फेस येतो, नळी कोरडी पडून जळते, हे त्यांना कल्हईच्या कामामुळे लगेच उमगलं. त्यांना स्वतःला लिहितावाचता येत नाही. तरी ते म्हणाले, "हे भिंतीवर लिवा. ज्याला येतंय त्यो वाचंल." गाडीची पाण्याची टाकी जिथं येई त्याच्या अगदी वर, शेडच्या भिंतीवर, मी कोळशानं मोठ्या अक्षरांत ते वाक्य लिहिलं. अक्षर माझं होतं, हे वाचकांनी लक्षात ठेवावं.

गोऱ्या अधिकाऱ्यानं गाडीबरोबर काही इंग्रजी मासिकंही टाकली होती. दुपारी काम थांबलं की मी त्यांतून या गाड्या बनवणाऱ्यांच्या हकीकती वाचून दाखवी. फ्रान्समधल्या एका लष्करी इंजिनियरानं तोफ ओढायला तीन चाकांची वाफेची गाडी केली होती, तेव्हा तर आगगाडीही जन्मली नव्हती. तिच्या पुढच्याच चाकावर एवढा थोरला बंब टांगला होता की वळवताना जीव जाई. कासीमभाईंनी मातीत चित्र काढून पाहिलं आणि म्हणाले, "वजन म्होरं टाकलं, मग वळंल कशी?" अमेरिकेतले दोघे जुळे भाऊ, धंदा फोटोच्या काचा बनवायचा. त्यांनी गाडीचा बंब बाहेरून पोलादी तारेनं थरावर थर गुंडाळून पक्का केला, म्हणजे पोटातल्या वाफेनं तो फुगून फुटू नये. ते ऐकून कासीमभाई एकदम उठून आपल्या गाडीशी गेले, आच्छादन बाजूला करून आतली तार दाखवत म्हणाले, "ही बघा, हितंबी तसंच हाय. हे लोक आपल्यासारखेच हायत मास्तर. गाडग्याला तार बांधणारे." समुद्रापलीकडच्या त्या माणसांबद्दल ते आपल्या गल्लीतल्या कारागिरांसारखं बोलत. मला तेव्हा त्याचं हसू यायचं, आता येत नाही.

एक हकीकत मात्र त्यांना फार आवडे. इंग्लंडातल्या एका थोर इंजिनियरानं वाफेची गाडी भर रस्त्यात माणसं बसवून चालवून दाखवली. नंतर मंडळी खुशीत येऊन खाणावळीत जेवायला बसली. शेगडी विझवायची राहिली, पाणी आटलं, आणि गाडी जळून गेली. कासीमभाई पोट धरून हसले. "येवढा मोठा मिस्त्री, आन् जेवायच्या नादात पानी विसरला?" त्या दिवसापासून आमच्या शेडमध्ये एक रीत पडली. शेगडी पेटवण्याआधी ते मोठ्यानं विचारत, "पानी बघितलं?" टाकी पाहण्याचं काम माझं. मी झाकण उघडून, आत बघून, "बघितलं" म्हणायचं. हे उत्तर आल्याशिवाय त्यांची काडी ओढली जात नसे.

पाण्यावर त्यांचा जीव होता. आमच्या विहिरींचं पाणी जड, तांब्यातसुद्धा पांढरा थर धरतं, नळ्यांत तर दगडच बसेल, हे त्यांनी पहिल्याच महिन्यात ओळखलं. सबंध पावसाळाभर बंगल्याच्या पत्र्यावरून उतरणारं पाणी त्यांनी हंड्यांत, रांजणांत धरलं, फडक्यातून गाळलं, झाकून ठेवलं. बंगल्यातल्या बायका चेष्टेनं म्हणत, मिस्त्रीनं पावसाचं लोणचं घातलंय. दसऱ्यापर्यंत ते पाणी राखायचं होतं, कारण दसऱ्याला सगळं पणाला लागणार होतं.

ते असं. आबासाहेबांनी अर्ज केला होता की अंबाजोगाईहून गावोगाव माणसं नेणारी वाफेची गाडी सुरू करायची परवानगी मिळावी. तालुकदारसाहेबांनी कळवलं, दसऱ्याला मी स्वतः बसून बघतो. गाडी युसूफ वडगावपर्यंत नीट गेली तर परवाना मिळेल, आणि परवान्यावर चालक म्हणून कासीमभाईंचं नाव असेल. नाही गेली तर अर्ज रद्द. कासीमभाईंचे वडील, इमामसाहेब कल्हईवाले, जन्मभर भाता खांद्यावर घेऊन गावोगाव पायी हिंडले होते. त्यांचे गुडघे गेले होते. परवाना मिळाल्यावर पहिल्या फेरीला अब्बांना पुढच्या बाकावर बसवून त्यांची सगळी गिऱ्हाइकांची गावं फिरवायची, एवढीच कासीमभाईंची मनीषा होती. ती त्यांनी मला एकट्याला सांगितली होती. त्यांचे अब्बा रोज मशिदीतून घरी जाताना शेडच्या दाराशी काठी टेकून उभे राहत आणि विचारत, "चली क्या?" आणि मुलगा म्हणे, "चलेगी."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. हत्यारांना, अवजारांना त्या दिवशी विश्रांती आणि पूजा. सकाळी कासीमभाईंनी बॉयलर धुतला, राखलेलं पाणी त्यात घातलं, टाकी काठोकाठ भरली, आणि म्हणाले, "आज मशीन तुमच्या हवाली. पूजा करा. मी उद्या सकाळच्याला येतो." ते घरी गेले. आईसाहेबांनी, म्हणजे आबासाहेबांच्या मातोश्रींनी, पूजेचं ताट पाठवलं. हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि तांब्याभर पंचामृत. पूजा करायला मी.

मी माळ घातली, कुंकू लावलं, नैवेद्य दाखवला. आणि मग माझ्या डोक्यात आलं की पोळ्याला आपण बैलाला नुसती पोळी दाखवत नाही, त्याच्या तोंडात घास देतो. ही गाडी आता आमचा बैलच झाली होती. ती खाते काय? पाणी. मग तिचं तोंड कुठलं? टाकी. मी झाकण उघडलं आणि मोठ्या भक्तिभावानं तांब्याभर पंचामृत आत ओतलं. दूध, दही, तूप, मध, साखर. वर भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं की चरबी आत जाऊ देऊ नये. मी ते पाहिलंसुद्धा. पण देवाच्या तुपाला चरबी म्हणायचं माझ्या मनात आलं नाही. झाकण लावलं, हात जोडले, प्रसाद वाटला. ही माझी चूक. आईसाहेबांचा तीत तिळमात्र दोष नाही. त्यांनी पंचामृत ताटात पाठवलं होतं, टाकीत मी ओतलं.

दसऱ्याच्या सकाळी बंगल्यापुढे ही गर्दी. कासीमभाई धुतलेला सदरा घालून शेगडीजवळ बसले, आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "मास्तर, पानी बघितलं?"

टाकी आदल्या दिवशी काठोकाठ भरलेली मला ठाऊक होती. समोर तालुकदारसाहेब उभे, आबासाहेब घाई करत होते. मी झाकणाला हात लावला नाही. म्हणालो, "बघितलं."

पुढच्या बाकावर कासीमभाई आणि साहेब बसले, मागच्या बाकावर आबासाहेब आणि मी. गाडी अशी निघाली की आवाजच नाही. लोकांना वाटलं होतं धाडधाड होईल. सुरुवातीचे काही मैल आम्ही लोण्यातून सुरी जावी तसे गेलो. बॉयलरात आधीचं स्वच्छ पाणी होतं ना, टाकीतलं पाणी पंपानं हळूहळू आत चाललं होतं. साहेबांनी दोनदा "बहोत खूब" म्हटलं. आबासाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी त्या दिवशी फार सुखात होतो, हेही लिहिलं पाहिजे.

वडगावच्या अलीकडचा चढ लागला. वेशीवरचा मांडव दिसत होता, वाजंत्री ऐकू येत होती. आणि कासीमभाईंनी एकाएकी शेगडीचं तेल बंद केलं, वाफेची झडप सोडली, गाडी थांबवली. "साहेब, उतरा. सगळे उतरा. लांब जावा." बॉयलरातलं पाणी दाखवणारी काचेची नळी असते, तिच्यात पांढरा फेस उसळत होता. पाणी किती उरलंय ते कळायला मार्ग नव्हता. मी त्यांच्याजवळ गेलो तेव्हा त्यांनी बाजूची तोटी उघडली होती. तीतून थुंकल्यासारखा फेस आला, आणि वास आला. करपलेल्या दुधाचा.

कासीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. एवढंच पाहिलं.

चढ संपायला शे-दोनशे पावलं राहिली होती. कुणी दुसरा असता तर म्हणाला असता, रेटू या, पुढे उतारच आहे. मांडवापर्यंत पोचलो की परवाना मिळाला. नळ्या जळल्या तर नंतर बघू. मीही ते मनात म्हणालो. कासीमभाईंनी तो विचारच केला नाही. बंबावर माणसं बसवली होती आणि आत पाणी किती ते दिसत नव्हतं, त्यांच्या लेखी तिथेच विषय संपला.

आबासाहेब लांबून गरजले, "काय झालं बे?"

कासीमभाई सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "पानी भरायचं विसरलो, सरकार. चूक माझी हाय."

"पानी विसरला? वरीसभर हेच करत होतास न्हवं बे तू?"

तालुकदारसाहेब रागावले नाहीत, ते अधिक वाईट झालं. शांतपणे म्हणाले, "मियाँ, जो पानी भूल जाए, उसके हाथ में लोगों की जान कैसे दें?" कासीमभाईंनी मान लवून "दुरुस्त है हुजूर" म्हटलं. कुणाचा तरी छकडा आला, साहेब त्यात बसले. मी तिथे उभा होतो. मला तोंड होतं, जीभ होती, इंग्रजी आणि मराठी दोन्ही येत होतं. मी बोललो नाही. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत होतो की मला सुचलं नाही. तसं नव्हतं. मी भ्यालो. नोकरीला भ्यालो, आबासाहेबांना भ्यालो, आणि सगळ्यांत जास्त हसं व्हायला भ्यालो. ते हसं मग कासीमभाईंचं झालं.

वेशीवरची माणसं दिवस मावळायच्या आत अंबाजोगाईत पोचली आणि नाव पडलं. परवाना पुढे दुसऱ्याच्या पेट्रोलच्या मोटारीला मिळाला. ती मोटार बिघडली की दुरुस्तीला कासीमभाईंकडेच येई, आणि ते ती नीट करून देत, कुरकुर न करता.

चार दिवसांनी मी शेडमध्ये गेलो. ते एकेक नळी तारेच्या कुंच्यानं घासत बसले होते. मी म्हणालो, "मी आबासाहेबांना सांगतो." ते म्हणाले, "बसा. कुंचा घ्या." मी घासायला बसलो. घासता घासता ते बोलले. "मास्तर, आईसाहेबांनी हौसेनं पाठवलतं. मी मुसलमान माणूस भर रस्त्यात उभा राहून म्हनलो असतो की तुमच्या पूजेनं बंब बिघडला, तर गाडी ऱ्हायली बाजूला, मानसं बिघडली असती. आन् तुमाला तरी गावात कोन ठिवलं असतं?" मी विचारलं, मग पाणी विसरलो असंच का सांगितलंत. ते हसले. "त्यो विलायतेचा मोठा मिस्त्री न्हाई का विसरला? माझं नाव त्याच्या पंगतीला बसलं."

"आणि अब्बांना?"

त्यांचा कुंचा थांबला. "अब्बांना खरं सांगितलं असतं तर ते बाजारात भांडत सुटले असते. न्हाई सांगितलं."

इमामसाहेब त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. मशिदीतून जाताना ते दाराशी थांबायचे, पण "चली क्या" विचारायचं त्यांनी सोडून दिलं होतं. आपल्या मुलानं पाणी भरलं नाही, ही समजूत घेऊनच ते गेले. मी त्यांच्या मयतीला गेलो होतो. तिथंही बोललो नाही.

आता कुणी म्हणेल, मग या माणसानं पुढे काय केलं, हिरमुसून बसला का? या ग्रंथाचे वाचक जाणतातच. आबासाहेबांनी मन उतरल्यावर ती गाडी त्यांना देऊन टाकली. पुढच्या दसऱ्याला कासीमभाईंनी एकट्यानं ती काढली, कुणाला बोलावलं नाही, आणि त्याच रस्त्यानं, तोच चढ चढून युसूफ वडगावच्या वेशीपर्यंत नेऊन परत आणली. बघायला शेतातली माणसं होती, अंमलदार कुणी नव्हता. तेव्हापासून एकही दसरा चुकलेला नाही. त्यांचं सीमोल्लंघन तेच. एका वर्षी ते तापानं फणफणले होते, मी आडवा पडलो तरी त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, "बंबाला ताप चालतो, मग मला कावून न्हाई?"

कारखाना त्यांनी हळूहळू उभा केला. केज, गेवराई, पार तलवाड्यापर्यंत ज्यांच्या विहिरीवर आज इंजिन आहे त्यांना विचारा. इंजिन दुरुस्त करून ते तसंच हवाली करत नाहीत. मालकाला शेजारी बसवतात, त्याच्याच हातानं खोलायला आणि जोडायला लावतात. तलवाड्याचे एक बागाईतदार एकदा तणतणले, "मिस्त्री, मी काय हात काळे करायला आलो का?" कासीमभाई म्हणाले, "इंजन तुमचं हाय, माझं न्हाई. रानात बंद पडलं तर मी का तिथं बसलेला असतो?" आणि दुपारपर्यंत त्यांच्याकडून झडप बसवून घेतली. ते बागाईतदार आज त्यांच्या गौरव समितीत आहेत.

माझ्या घरी तर त्यांचा हात लागलेला नाही असं भांडं नाही. माझी पत्नी दम्यानं बेजार असताना त्यांनी एका जुन्या तांब्याला तोटी बसवून वाफ घ्यायचं यंत्र करून आणलं, आणि ते कसं धुवायचं, कोणतं पाणी घालायचं, हे तिला आपल्या धाकट्या बहिणीसारखं समजावून सांगितलं. त्यांच्याशी असा वागलेला मी, आणि माझ्याशी असे वागणारे ते. मला त्या यंत्राकडे बघवत नसे.

आणि त्यांच्या कारखान्यात जाऊन बघा. आजही कुठलंही यंत्र सुरू होण्यापूर्वी तिथला माणूस मोठ्यानं विचारतो, "पानी बघितलं?" आणि दुसरा बघून उत्तर देतो. ज्या माणसाला गाव पाणी विसरलेला म्हणतं, त्याच्या छपराखाली पाण्याची चौकशी केल्याशिवाय काडी ओढली जात नाही. एवढी साधी गोष्ट कुणाच्या कशी ध्यानात आली नाही, याचं मला नवल वाटतं. माझ्या ध्यानात होती आणि तरी मी तोंड उघडलं नाही, ते नवल वेगळंच.

हा लेख लिहायचं ठरवल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. ते कानशीनं काहीतरी घासत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कावून लिवता मास्तर? लोकांना सवय झाली त्या नावाची. मलाबी झाली."

"मला झाली नाही," मी म्हणालो. "आणि मी लिहिणारच. तुम्ही नको म्हणालात तरी."

हातातलं काम त्यांनी घासून पुरं केलं. मग कानशी ठेवून म्हणाले, "लिवा मंग. अब्बांचं नाव नीट घाला. आन् छापून आल्यावर ते पान मला वाचून दावा. पुस्तक वाचून दावायचात तसं, येकेक वाक्य. मी पाठ करतो. अब्बांच्या कबरीपाशी म्हनायचंय."

तेव्हा सर्व वाचकांना, आणि विशेषतः बाजारातल्या मंडळींना, माझं सांगणं आहे. ते नाव आजपासून बंद करा. कासीमभाई वल्द इमामसाहेब कल्हईवाले त्या दसऱ्याला पाणी विसरले नव्हते. ते पाणी त्यांनी सबंध पावसाळाभर थेंबथेंब राखलं होतं. ते नासवलं मी, आणि बघितलं असं खोटं सांगितलं तेही मी. इमामसाहेब, तुमचा मुलगा चुकला नव्हता.

कासीमभाई, तुमची साठी झाली, माझीही जवळ आली. तुमचे डोळे असेच तेज राहोत, गुडघे वडिलांसारखे न जावोत, आणि हा हात अजून पुष्कळ वर्षं पान्यावर चालत राहो, हीच परमेश्वराकडे आणि तुमच्या अल्लाकडे मागणी. येत्या खंडेनवमीला पूजा मीच करणार, पंचामृत ताटातच राहील. आणि दसऱ्याच्या सकाळी तुम्ही शेगडीजवळ बसून मला विचाराल, तेव्हा मी आधी झाकण उघडीन, आत वाकून बघीन, आणि मग उत्तर देईन.